टर्बो शेवटी घे

वाचकाचं पत्र:

नाना, नमस्कार. मी सावद्याकडचा, वय २७, घरची केळी आहे. चार वर्षांपूर्वी २०११ ची स्कोडा लॉरा घेतली, १.८ टीएसआय, म्हणजे टर्बोचं पेट्रोल इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. आता १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गाडीवर माझा फार जीव आहे. मोठ्या शहरातला एक ट्यूनर (गाडीची ताकद वाढवून देणारा) म्हणतो, मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) टाकून ३५० पीएस, म्हणजे अश्वशक्ती, काढून देतो, ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) लोखंडाचा आहे, आतून काही करायला नको. दुसरा म्हणतो, फोर्ज (ठोकून घडवलेले) पिस्टन आणि रॉड घातल्याशिवाय हात लावू नको. यंदा केळीला भाव बरा मिळाला, पाच लाख बाजूला ठेवलेत. घरात हीच एक गाडी आहे, आईला महिन्यातून दोनदा जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. अजिंठ्याच्या घाटात आणि जमलं तर ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, गाडी पळवायची हौस आहे. इंजिन नेमकं कुठे कुठे मजबूत करावं लागेल आणि सुरुवात कशापासून करू?

उत्तर:

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी आईच्या दवाखान्याच्या ओळीवर थांबलो, आणि पुढचं सगळं त्या ओळीला धरून लिहितोय. असं काम काढलं की इंजिन उतरून दीड-दोन महिने बाकावर राहतं. भाग बाहेरून मागवायचे, एखादं माप जुळलं नाही की परत पाठवायचं, लेथवाल्याकडे नंबर लावायचा. तेवढे दिवस आईला कोणत्या गाडीतून नेणार, हे आधी ठरव. जुनी अल्टो घे, मेव्हण्याची गाडी माग, काहीही कर. घरातली एकुलती गाडी खोलून बसलेला माणूस रोज मिस्तरीच्या मागे लागतो, आणि मागे लागून बांधून घेतलेलं इंजिन टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

आता तुझ्या दोन ट्यूनरांचं. पहिल्याची एक गोष्ट बरोबर आहे. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे आणि तुझ्या आकड्याला तो पुरतो. १९८३ साली नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याच्या ब्रॅबहॅममध्ये दीड लीटरचं, चार सिलिंडरचं बीएमडब्ल्यूचं टर्बो इंजिन होतं, आणि त्याचा लोखंडी ब्लॉक रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनातून आलेला होता. टर्बो इंजिनावर जिंकलेलं ते पहिलं विश्वविजेतेपद. म्हणून लोखंडाची काळजी तू सोड. पण भिंती मजबूत आहेत म्हणून कोणी छपरावर हत्ती चढवत नाही. भिंतीच्या आत जे हलतं ते किती सोसेल, हा खरा प्रश्न आहे.

तुझं इंजिन कारखान्यातून १६० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) घेऊन निघालं. पिस्टनचा व्यास ८२.५ मि.मी., म्हणजे माथ्याचं क्षेत्रफळ साधारण साडेत्रेपन्न चौरस सेंटिमीटर. जळणाच्या वेळी सिलिंडरात १०० बार दाब धर (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). त्या माथ्यावर जवळजवळ साडेपाच टन भार आला. तोच दाब १४० बार झाला तर साडेसात टन. केळी भरलेला छोटा ट्रक अंगठ्याएवढ्या जाडीच्या रॉडवर उभा केला असं समज, आणि तीन हजार आरपीएमला (मिनिटाला तीन हजार फेरे) तो मिनिटाला दीड हजार वेळा उभा राहतो. म्हणून या इंजिनात पहिल्यांदा वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. कंपनीच्या रॉडवर मी ४०० न्यूटन मीटरच्या पुढे कधी गेलो नाही, आणि ३५० न्यूटन मीटरच्या पुढे जायचं असेल तर तो जोर खालच्या आरपीएमला येऊच देत नाही.

हे शेवटचं नीट समजून घे. रॉडला पीएस कळत नाहीत, त्याला सिलिंडरातला दाब कळतो, आणि दाब म्हणजे टॉर्क. ४०० न्यूटन मीटर ६२०० आरपीएमपर्यंत धरून ठेवता आले तर साधारण ३५० पीएस होतात. छोट्या टर्बोला मारूनमुटकून तेच ४०० न्यूटन मीटर २२०० ला आणले, तर १३० पीएसही होत नाहीत, पण रॉड मात्र वाकू शकतो. कारण सावकाश फिरणाऱ्या इंजिनात पिस्टन वरच्या टोकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, जळण तिथेच दाब वाढवत राहतं आणि रॉड जवळजवळ उभा असताना तो भार सोसतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो, तीन-साडेतीन हजारांच्या पुढे. त्या अर्थाने तो रॉडवर दयाच करतो. म्हणून ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न "किती पीएस" हा नाही. "३००० ला किती टॉर्क, ४००० ला किती, आणि कोणत्या गिअरला किती," हे कागदावर मागून घे. जो लिहून देत नाही त्याच्याकडे गाडी ठेवू नकोस.

वर फिरवण्याचा त्रास वेगळा आहे. तिथे रॉड दाबाने वाकण्याऐवजी ओढीने तुटतो. एक्झॉस्टचा स्ट्रोक संपताना पिस्टन वर उडू पाहतो आणि त्याला खाली खेचून आणण्याचं काम रॉडच्या दोन बोल्टांवर येतं. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते. ६००० चे ७००० केलेस तर ती एक षष्ठांश नाही, ३६ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे रॉड घेताना पोलादाच्या नावाइतकंच बोल्टाकडे बघ. ४३४० पोलादाचे एच आकाराचे फोर्ज रॉड आणि त्याला एआरपी २००० बोल्ट, एवढं तुझ्या कामाला भरपूर आहे. हे बोल्ट नुसत्या टॉर्क पान्याने आवळू नयेत. आवळण्याआधी आणि नंतर बोल्टाची लांबी मोजायची, आणि तो किती ताणला गेला ते रॉडवाल्याच्या कागदाशी ताडून बघायचं.

इथे आपल्याकडची एक जुनी सवय आठवली, ती सांगूनच टाकतो. मी भुसावळला ट्रॅक्टर आणि जीपच्या इंजिनांवर हात काळे करत शिकलो. त्या काळी बेअरिंग ढिलं झालं की रॉडची कॅप घासून बसवायची पद्धत होती, आणि पाण्याच्या पंपाच्या इंजिनात ते चालूनही जायचं. तुझ्या इंजिनाचे मूळ रॉड आधी अखंड बनवून मग मुद्दाम तडकवून वेगळे केलेले असतात, त्यांच्या कॅपची खडबडीत कड दुसऱ्या कोणत्याही रॉडवर बसत नाही. त्यांना कानस लागली की ते भंगारातच टाकायचे. मिस्तरी कितीही जुना आणि जिवाभावाचा असो, त्याला हे आधीच सांग.

पिस्टनकडे येतो. पिस्टन मोडतो तो बहुतेक वेळा टकटकीने. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत जळत जायला हवं. त्याऐवजी कोपऱ्यातला न जळलेला भाग दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटला की दाबाचा तडाखा बसतो, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. ओतीव पिस्टनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली जी अरुंद कड असते, ती या तडाख्याने टवका उडावा तशी उडते. फोर्ज पिस्टन हा तडाखा जास्त वेळ सोसतो, कायमचा सोसत नाही. ट्यूनिंग चुकलं तर फोर्ज पिस्टनही जातो, फक्त जरा उशिरा.

फोर्ज पिस्टन दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त, तो तापून कमी फुगतो, म्हणून सिलिंडरात जवळ बसवता येतो आणि सकाळी थंड इंजिन खडखडत नाही. २६१८ जास्त चिवट, पण जास्त फुगतो, त्याला मोकळीक जास्त द्यावी लागते. रोज वापरायच्या गाडीला पहिला बरा असं बरेच जण म्हणतात. खान्देशच्या उन्हात मोठा टर्बो चालवायचा असेल तर मी २६१८ घेतो आणि सकाळची खडखड ऐकून घेतो. कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मूळचं ९.६ आहे, पिस्टन नवे घेतोच आहेस तर ते ९ च्या आसपास आण. खालचा जोर थोडा जाईल, पण मे महिन्यात दुपारी तीन वाजता तुझ्या हाताशी थोडी सवड राहील.

रिंगच्या गॅपचं, म्हणजे तिच्या दोन टोकांमधल्या फटीचं, मी स्वतः चुकून शिकलो आहे. धुळ्याच्या एका मुलाची १.८ लीटरचीच पेट्रोल टर्बो गाडी मी जानेवारीत बांधली होती. रॉड फोर्ज, पिस्टन नवे. रिंगचा गॅप मी कारखान्याच्या पुस्तकातल्या मूळ इंजिनाच्या आकड्यावर ठेवला, आणि मॅपिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल-ठिणगीचा हिशेब भरणं) झालं सकाळी, हवा १२ अंश असताना. गाडी अशी पळायची की त्याचे वडीलही खूश झाले होते. मे महिन्यात लळिंगच्या घाटात तिसऱ्या सिलिंडरने जीव सोडला. खोलून बघितलं तर वरच्या रिंगची दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत होती. तापून रिंग वाढली, गॅप संपला, टोकं एकमेकांना भिडली, रिंगला वाढायला जागा उरली नाही आणि तिने पिस्टनची कडच उपटून काढली. चूक माझी होती, खर्च मी केला, पण त्या पोराचा भरवसा गेला तो परत आला नाही. तेव्हापासून टर्बोच्या इंजिनात कारखान्याचा आकडा मी घेत नाही. तुझ्या ८२.५ मि.मी.च्या बोअरला (सिलिंडरच्या भोकाला) वरच्या रिंगचा गॅप ०.४५ ते ०.५ मि.मी. लागेल आणि दुसरीचा त्याहून किंचित जास्त. पिस्टनवाल्याच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर त्याचं ऐक. गॅप थोडा जास्त राहिला तर इंजिन किंचित तेल खाईल. कमी राहिला तर इंजिनच राहणार नाही.

हवेचा हिशेब त्या दिवसानंतर मी कागदावर मांडून बघितला, तोही देतो. टर्बोने १.२ बार बूस्ट (जादा दाब) दिला आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर १२ अंशाची हवा टर्बोतून साधारण ११५ अंश होऊन बाहेर पडते. ४५ अंशाची हवा १६० अंशांना पोचते. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) कितीही चांगला असला तरी तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणजे जानेवारीत इंजिनाला पस्तीसेक अंशाची हवा मिळाली असेल तर मे महिन्यात ती सत्तरच्या आसपासची मिळते, आणि तेवढ्या फरकात नॉकिंग सुरू होतं. छोट्या मूळ टर्बोला त्याच्या ताकदीबाहेर फुंकायला लावलं तर त्याची कार्यक्षमता घसरते आणि हवा आणखी तापते, पावणेदोनशेच्याही वर जाते. मोठ्या टर्बोचं खरं देणं हेच आहे, तोच दाब तो थंड हवेत देतो. म्हणून तुझ्या हौसेला मी नाही म्हणत नाही.

आता माप. फोर्ज भागांची पेटी घरी आली की माणसाला वाटतं, मजबुती आली. मजबुती लेथवर येते. सिलिंडर होन करताना, म्हणजे आतून घासून नेमक्या मापाला आणताना, ब्लॉकवर टॉर्क प्लेट बसवलीच पाहिजे. हेडच्या (ब्लॉकवरच्या झाकणाच्या) जागी एक जाड पोलादी पाट, हेडच्याच बोल्टांनी, हेडच्याच टॉर्कने आवळायचा आणि मग होन करायचं. कारण हेड आवळलं की बोअर किंचित वेडंवाकडं होतं. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेलं भोक गाडीत बसल्यावर गोल राहत नाही. आपल्याकडचे लेथवाले डिझेलच्या स्लीव्ह वर्षानुवर्षं बसवतात, हात चांगले आहेत, पण या इंजिनाची प्लेट त्यांच्याकडे नसण्याचीच शक्यता जास्त. जळगावच्या एमआयडीसीत जाड पाट कापून, जुनं हेड पॅकिंग नमुन्याला देऊन ती करून घेता येते. हा खर्च वाचवू नकोस.

आणि एक गोष्ट तुला बाहेरचा ट्यूनर सांगणार नाही, कारण त्याला आपला उन्हाळा माहीत नाही. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरून दिलेली असतात. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी ४३ अंश असतात. तेवढ्या फरकात ॲल्युमिनियमचा ८२.५ मि.मी.चा पिस्टन ०.०४ मि.मी. वाढतो, लोखंडी बोअर त्याच्या निम्म्याने वाढतं. म्हणजे पिस्टन आणि भिंतीतली जागा तुला ०.०२ मि.मी. कमी दिसते. एकूण मोकळीकच ०.०८ च्या आसपास ठेवायची असते, त्यात पाव हिस्सा असा हरवला. मिस्तरी म्हणेल जागा कमी आहे, अजून होन मारू, आणि बोअर मोठं होऊन बसेल. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि बोअर गेज सगळं रात्रभर एका एसीच्या खोलीत ठेवायचं आणि सकाळी तिथेच मोजायचं. एसी नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत पहाटे कर. मी आता मोजमापाचं काम उन्हाळ्यात घेतच नाही.

क्रँक मूळचाच ठेव, फक्त चीर तपासून घे आणि जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) मोज. बेअरिंग नवी, आणि तेलाची जागा जर्नलच्या दर २५ मि.मी. व्यासाला ०.०२५ मि.मी. या हिशेबाने. टायमिंग चेन, टेन्शनर आणि गाइड न विचारता बदल, लाखाच्या पुढे गेलेल्या चेनवर नवं इंजिन टांगायचं नसतं. हेड उतरलंच आहे तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन साफ होईल. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात नाही, त्यामुळे तिथे काजळीचा थर साचतोच. हेडला बोल्टांऐवजी स्टड आणि अनेक थरांचं पोलादी पॅकिंग घाल, हेड आणि ब्लॉकचे दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे सपाट करून घे.

थंडाव्याचं बोलतो, कारण तुझ्या पट्ट्यात इंजिनं यानेच जास्त जातात. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी कधी घातलं होतंस का? आपलं बोअरवेलचं पाणी क्षाराचं. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच ब्लॉकच्या आतल्या वाटांत बसतो. तिथली उष्णता बाहेर पडत नाही आणि ठरावीक सिलिंडरातच टकटक सुरू होते. ब्लॉक उघडल्यावर त्या वाटा रसायनाने धुऊन घे, नंतर फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. इंटरकूलर पुढच्या बाजूला मोठा बसव, पण ऑक्टोबरपासून कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की त्याच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ अशी गच्च बसते की निम्मी हवा अडते. दर पंधरा दिवसांनी उलट्या बाजूने पाणी मार. उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायला सांगतील, तो घेऊ नकोस. एक तर तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि दुसरं म्हणजे वेचणीच्या दिवसांत शेतरस्त्याची बारीक धूळ त्यातून आत गेली की तुझ्या महागड्या रिंगा पॉलिश पेपरने घासल्यासारख्या झिजतात. कारखान्याचा बंद डबा ठेव, त्याला थंड हवेची वाट मोठी करून दे.

टर्बोच्या तेलाचा परतीचा पाइप जाड आणि सरळ उताराचा हवा. तिथे पंप नसतो, तेल आपल्या वजनाने खाली येतं. पाइपला कुठे पोट पडलं तर तेल साचतं, सीलमधून गळतं, गाडी निळा धूर मारायला लागते आणि लोक टर्बोला दोष देतात.

पेट्रोल. ३५० पीएस पूर्ण जोरात काढताना हे इंजिन मिनिटाला जवळजवळ दोन लीटर पेट्रोल मागेल. मूळचा हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर एवढं देण्यासाठी बनवलेले नाहीत. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेत आणखी आठ-नऊ टक्के पेट्रोल सोडावं लागतं. इथेनॉल सिलिंडर थंड ठेवतं आणि नॉकिंग अडवतं, त्यामुळे टर्बोवाल्याला ते शत्रू नाही, पण इंधनाची वाट आधी रुंद करावी लागते. तुझी गाडी २०११ ची, तेव्हाचे रबरी पाइप आणि ओ-रिंग या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते, तेही बदल. पूर्ण बूस्टला पेट्रोल कमी पडलं तर फोर्ज काय आणि ओतीव काय, दहा सेकंदांत पिस्टनला भोक पडतं.

क्लच मूळचा २५० न्यूटन मीटरच्या हिशेबाचा आहे, तो पहिल्याच दिवशी घसरेल. ब्रेक आणि टायर टर्बोच्या आधी. पुढच्या चाकांची गाडी आहे, पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क मॅपमध्येच कमी करून घे, नाहीतर चाकं नुसती धूर काढतील.

मॅपिंग कधी करायचं, तर उन्हाळ्यात दुपारी. ते जमलं नाही तर इनटेकची हवा तापत जाईल तसं टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणारी कोष्टकं नीट भरलेली आहेत का, हे ट्यूनरकडून स्क्रीनवर दाखवून घे. नंतर तू स्वतः लॉग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली आकड्यांची नोंद, काढायला शिक. चारही सिलिंडरचं टायमिंग नॉकिंगमुळे किती अंश मागे घेतलं जातंय, रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब खाली पडतोय का, मिश्रणात हवा-पेट्रोलचं प्रमाण किती आहे आणि हवेचं तापमान किती, हे चार आकडे पुरेत. एखादा सिलिंडर सतत तीन-चार अंश मागे येत असेल तर पाय उचल आणि घरी ये. आणि सहाव्या गिअरला १५०० आरपीएमवर असताना पाय पूर्ण दाबायचा नाही. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोमध्ये तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, आणि तो एकच तडाखा रॉड वाकवायला पुरतो. गिअर खाली टाक, मग दाब.

घाटाबद्दल माझं मत बदलणार नाही. फर्दापूरहून वर चढताना समोरून केळीचे ट्रक येतात, एसटी येते, लेणी बघायला आलेली कुटुंबं आपल्या पोरांना घेऊन येतात. त्या रस्त्यावर ३५० पीएस वापरायला जागा नाही आणि मी त्यासाठी एक पानाही देणार नाही. ड्रॅग पळवायची तर आयोजित शर्यतीत, संरक्षक कठडे आणि रुग्णवाहिका असलेल्या ठिकाणी. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवणार ते इथेच. दुसरं जुनं इंजिन आणून ते बांधू, असा सल्लाही तुला कोणी देईल. इंजिन नंबर आरसीवर असतो, तो जुळला नाही की आणखी एक भानगड. बांधायचं तर तुझाच ब्लॉक बांध. आणि एकदा ३५० पीएसचं केलंस की ही गाडी शर्यतीची समज, आईला न्यायची नव्हे.

आता तुझ्या पाच लाखांचं. माझ्या अनुभवाने त्यात भरवशाचे ३५० पीएस होत नाहीत. पहिल्या ट्यूनरच्या हिशेबात ते होतात, कारण त्याने फक्त टर्बो धरलाय. यंदा तू टर्बोला हात लावू नकोस. ब्रेक, टायर, क्लच, रेडिएटर, इंटरकूलर, रबरी पाइप एवढं कर आणि मूळच्या टर्बोवर सौम्य मॅप घे. २०० पीएसच्या आसपास येशील, टॉर्क तीनशेच्या थोडा वर, रॉड मूळचेच चालतील आणि गाडी आईलाही जळगावला नेईल. उरलेले पैसे बँकेत ठेव. पुढच्या हंगामानंतर, थंडीत, इंजिन उतरव आणि रॉड, पिस्टन, बेअरिंग, चेन, स्टड सगळं एकदाच बांध. बांधलेल्या इंजिनावर आधी जुनाच टर्बो लाव. पहिलं तेल ५० किलोमीटरला काढ, फिल्टर कापून त्यात चकाकणारे कण आहेत का बघ, दुसरं ५०० ला, तिसरं १५०० ला. एक पावसाळा असाच चालव. तेल किती खातं, कूलंट कमी होतंय का, कुठून घाम येतोय, हे छोट्या टर्बोवर कळतं आणि स्वस्तात दुरुस्त होतं. त्यानंतर इंधनपंप, आणि सगळ्यात शेवटी मोठा टर्बो. तेव्हाही ट्यूनरला पहिल्या दिवशी ३०० पीएसवर थांबायला सांग.

पण हे सगळं पुढचं. या आठवड्यात दोन चाचण्या करून घे, कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) आणि लीकडाउन (हवा भरून ती किती गळते ते), इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून. कॉम्प्रेशन घेताना पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबून ठेवायचा. प्लग कोणता कोणत्या सिलिंडरचा ते लिहून त्यांचे फोटो काढ. गेल्या हजार किलोमीटरमध्ये तेल किती घातलंस तेही लिही. चारांत एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी आला तर यंदाचा मॅपसुद्धा थांबव. आकडे आले की पाठव, मग रॉड कोणते मागवायचे ते बोलू.